दोन पायांची खुर्ची

ही खुर्ची पाहताना पहिली शंका येते ती पडण्याची. बैठक चांगली पुढे आलेली आहे आणि तिच्या पुढच्या कडेखाली काहीच नाही. जे दोन पाय आहेत ते मागच्या बाजूला. माणूस जरा पुढे सरकून बसला की ही कलंडणार, असे डोळा ठामपणे सांगतो. मग नजर खाली जाते. प्रत्येक पायाच्या तळाशी जमिनीला टेकलेली एक लांब पट्टी आहे, बर्फावरच्या घसरगाडीला असते तशी. पाय तिच्यात रोवलेला आहे. पट्टी बैठकीखालून पुढे गेलेली आहे आणि बसणाऱ्याचा भार त्या वाटेने जमिनीवर उतरतो. एवढे ध्यानात आले की शंका फिटते. पण पाहणाऱ्याला आधी ती शंका यावी आणि मग त्याने स्वतःच तिचे उत्तर शोधावे, एवढा विश्वास घडवणाऱ्याने आपल्यावर टाकला, याचे मला फार अप्रूप वाटते.

जॉर्ज नाकाशिमा यांची ही ‘कोनॉइड’ खुर्ची. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या न्यू होप या गावी त्यांनी ती १९६० च्या सुमारास पहिल्यांदा घडवली. नाव आले ते त्यांच्याच कामाच्या जागेवरून. तिचे छप्पर म्हणजे काँक्रीटचे एक पातळ, लाटेसारखे वळलेले कवच. एका बाजूला ते सरळ रेषेत टेकते आणि दुसऱ्या बाजूला कमानीसारखे उचललेले असते. अशा आकाराला भूमितीत कोनॉइड म्हणतात. मधे खांब नसलेले ते छप्पर ज्याने डोक्यावर पेलले, त्याला पुढचे पाय नसलेली खुर्ची सुचावी यात नवल नाही. नाकाशिमा आधी वास्तुविशारद होते, सुतार नंतर झाले. ही खुर्ची पाहताना ते विसरता येत नाही.

दोनच पाय ठेवण्याची किंमत मोठी असते. चार पायांच्या खुर्चीत एखादा सांधा सैल झाला तर बाकीचे काही वर्षे सांभाळून घेतात. आपल्याकडच्या शाळांमधल्या खुर्च्या अशाच कुरकुरत दोन पिढ्या चालतात. इथे तशी सवलत नाही. माणूस मागे रेलला की पाय आणि बैठक जिथे भेटतात तिथे पीळ पडतो, पुढे वाकला की तोच सांधा उलट्या दिशेने ओढला जातो. दिवसातून शंभरदा हे होणार. तेव्हा सांधा पहिल्या दिवशीच बिनचूक बसला पाहिजे. वाड्यात खांबाच्या डोक्यावरून बाहेर आलेले नक्षीदार हस्त तुळईचा भार घेतात, ते ज्यांनी नीट पाहिले आहेत त्यांना ही खुर्ची लगेच कळेल. फरक एवढाच की हस्तावर नक्षी असते. इथे नक्षी नाही, सांध्याची रेघच तेवढी उघडी ठेवलेली आहे.

आता पाठ पाहा. बैठक, पाय आणि माथ्यावरची वळणदार पट्टी अक्रोडाची, गडद तपकिरी. मधल्या बारीक काड्या मात्र हिकरीच्या, फिकट रंगाच्या. रंगांचा मेळ सुंदर आहे, पण निवड रंगासाठी झालेली नाही. हिकरी हे चिवट लाकूड. कुऱ्हाडी-हातोड्यांचे दांडे त्याचे करतात, कारण ते धक्का सोसते आणि वाकून पुन्हा सरळ होते. अमेरिकेतल्या जुन्या विंडसर खुर्च्यांच्या पाठीत अशाच काड्या असत. पाठ टेकली की प्रत्येक काडी आपापल्या जागी केसभर मागे जाते आणि अंगाचा आकार घेते. म्हणजे गादी नसलेल्या खुर्चीत गादीचे काम या काड्या करतात. अक्रोड मात्र रंध्याखाली गोडीने येतो आणि कोरीव आकार नीट धरून ठेवतो, म्हणून बैठक त्याची. ती सपाट नाही. मधे उथळ खोलगट आहे, तळहाताची ओंजळ किंचित सैल सोडावी तशी. दोन लाकडांना त्यांच्या स्वभावाची दोन कामे दिलेली आहेत. रंगसंगती आपोआप आली.

एक साधा गुण सांगायचा राहिला. तळाच्या पट्ट्यांमुळे ही खुर्ची गालिच्यावरून सहज सरकते. पायांची टोके गालिच्यात रुततात, पट्टी रुतत नाही. धाडसाचे म्हणून ज्याचे कौतुक करावे, ते रोजच्या वापरालाही सोयीचे निघावे, हे फार थोड्यांना साधते.

नाकाशिमांचा जन्म १९०५ चा, वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन गावचा. आईवडील जपानी. विद्यापीठात आधी वनशास्त्र घेतले, मग वास्तुकलेकडे वळले आणि एमआयटीतून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. पुढे मोटार विकून जगप्रवासाचे तिकीट काढले, पॅरिसला राहिले, टोकियोत वास्तुविशारद अँटोनिन रेमंड यांच्या कार्यालयात नोकरीला लागले. या सगळ्यावर लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण मला त्यांचा हात जिथे घडला त्या दोन जागांवर थांबायचे आहे.

पहिली जागा आपल्या देशातली आहे. रेमंड यांच्याकडे पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमातल्या साधकांसाठी निवासाचे काम आले. ते ‘गोलकोंडा’. प्रत्यक्ष जागेवरचे काम पाहायला नाकाशिमा तिथे गेले. भारतातल्या आधुनिक काँक्रीट इमारतींमध्ये तिचे नाव अगदी आधी घ्यावे लागते. तिच्या लांब भिंतींना खिडक्या नाहीत. त्या भिंती म्हणजेच आडव्या, हलणाऱ्या झडपा, वारा आत घेणाऱ्या आणि ऊन बाहेर ठेवणाऱ्या. नाकाशिमा तिथे नोकर म्हणून गेले आणि साधक झाले. पगार घेणे त्यांनी सोडले. श्रीअरविंदांनी त्यांना ‘सुंदरानंद’ हे नाव दिले. सौंदर्यात आनंद मानणारा. १९३९ मध्ये त्यांनी पाँडिचेरी सोडली, इमारत त्यानंतर पूर्ण झाली. पण काम म्हणजेच साधना, हे त्यांच्या मनात तिथे पक्के बसले. आपल्या संतांनी विणताना, मडकी घडवताना, मळा शिंपताना जे केले त्याहून हे वेगळे नाही, म्हणून मराठी वाचकाला ते समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी जागा म्हणजे तुरुंगच. १९४२ साली, अमेरिका जपानशी युद्धात उतरल्यावर, पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना घरदार सोडायला लावून छावण्यांमध्ये कोंडले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. नाकाशिमा, त्यांची पत्नी मॅरियन आणि तान्ही मुलगी मीरा यांना इडाहोच्या ओसाड भागातल्या मिनिडोका छावणीत नेले. तिथे त्यांना गेंतारो हिकोगावा भेटले. जपानी परंपरेत तयार झालेले ते सुतार. एमआयटीची पदवी असलेला माणूस त्यांचा शागीर्द झाला. लाकूड म्हणजे बांधकामातून उरलेले तुकडे आणि माळावरची वेडीवाकडी झुडपे. सरळ, निर्दोष फळी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. जे हाती येईल त्यात काय दडले आहे ते ओळखायचे आणि दुसऱ्याने जळणात टाकलेल्या तुकड्याला जागा शोधून द्यायची. पुढच्या आयुष्यात हा माणूस लाकडातली गाठ, चीर, पोकळी यांना दोष मानायला तयार झाला नाही, त्याचे मूळ मला इथे दिसते. काटेरी कुंपणाआड माणसालाच नको असलेल्या मालासारखे टाकले गेले होते, आणि हातात लाकूडही तसलेच होते.

१९४३ मध्ये रेमंड यांनी हमी देऊन त्यांना सोडवले आणि न्यू होपच्या आपल्या शेतावर आणले. नाकाशिमांनी तिथे कोंबड्या सांभाळल्या. मग अंगमेहनतीच्या बदल्यात थोडी जमीन मिळवली आणि तिच्यावर आधी कार्यशाळा उभी केली, घर त्यानंतर.

आता त्यांच्या कामाची रीत. माझ्या मते त्यांची खरी थोरवी तिच्यात आहे.

ते ओंडका विकत घेत आणि करवत चालताना स्वतः उभे राहत. ओंडका कोणत्या बाजूने फाडायचा यावर आतले सगळे रेषाचित्र ठरते. अर्धा इंच इकडे-तिकडे झाले तर जो भोवरा उघडला असता तो भुशात जातो, आणि गेलेला परत येत नाही. ओंडका एका दिशेने पूर्ण फाडायचा, फळ्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने रचून ठेवायच्या, मधे हवेसाठी पट्ट्या घालायच्या. दुरून पाहिले तर ओंडका पुन्हा जुळवून ठेवल्यासारखा दिसतो. मग वाट पाहायची. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष, असा सुतारांचा ठोकताळा आहे. लाकूड लांबीत जवळजवळ आक्रसत नाही, आडवे मात्र आक्रसते, आणि वर्तुळांच्या दिशेने आत-बाहेरच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट. म्हणून घाईने वापरलेली फळी वाकते, पीळ घेते, चिरते. लागून निघालेल्या दोन फळ्या पोथीची पाने उघडावीत तशा शेजारी मांडल्या की एकीवरची रेघ दुसरीवर आरशात पडल्यासारखी उमटते. त्यांची पुष्कळ मोठी मेजे अशी जोडलेली आहेत.

गिऱ्हाईक यायचे ते या रचलेल्या फळ्यांमध्ये. बोलणे होई, घरात जागा किती, माणसे किती, काय वापर. मग नाकाशिमा त्या घराला शोभेल अशी फळी काढत. आराखडा त्यानंतर. फळी ठरली की तिच्या पाठीवर गिऱ्हाइकाचे नाव लिहून ठेवत. स्वतःची सही मात्र ते अगदी उतारवयात करू लागले. मेज कुणाचे हे मेजाच्या पोटावर लिहिलेले असे आणि घडवणाऱ्याचे नाव कुठेच नसे. मागणीप्रमाणे घडवणे याचा अर्थ सहसा ‘गिऱ्हाईक सांगेल तसे’ असा घेतला जातो. इथे तो अर्थ पुरत नाही. स्थळ पाहताना दोन्हीकडचे पाहावे लागते, तसे हे आहे. माणसाला फळी शोभली पाहिजे आणि फळीलाही ते घर मानवले पाहिजे.

त्यांच्या या रीतीबद्दल वाचताना मला आमच्या घरचा झोपाळा आठवला. तो करायला वडिलांनी गावातल्या मिस्त्रींना सांगितले, तेव्हा मिस्त्रींनी माप घेतले नाही. “आधी वखारीत जाऊ भाऊ,” म्हणाले. मी सात-आठ वर्षांचा असेन. वखारीत सागाच्या फळ्या उभ्या लावलेल्या होत्या. मिस्त्री एकेक फळी बाहेर काढत, एक डोळा मिटून कडेवरून लांबवर नजर टाकत, बोटाच्या पेराने ठोकत, आणि पाण्याचा हात फिरवून रेषा वर आणत. एक फळी वडिलांना फार आवडली. रुंद होती, रंगही छान सोनेरी होता. मिस्त्रींनी मान हलवली. “ही नको. गाठ बघा कुठं आलीय. कडी नेमकी तिथंच बसणार.” दुसरी फळी निघाली, दिसायला साधी. तिचा झोपाळा झाला आणि नाकारलेल्या फळीचे पुढे त्यांनीच दुसऱ्या कुणाच्या देवघराचे दार केले. गाठ बरोबर मधोमध घेतली होती, आणि दाराची शोभा म्हणजे ती गाठच होती. त्या मिस्त्रींनी न्यू होपचे नाव ऐकलेले नव्हते. पण फळी आधी, माप मागून, हा क्रम त्यांचाही होता. त्या काळी आपल्याकडे घरातल्या बहुतेक लाकडी वस्तू अशाच, अंगणात बसून, त्या घरासाठीच होत असत. रंध्याच्या ढलप्यांत आम्ही मुले खेळत असू.

नाकाशिमांचे नाव घेतले की लोकांना आठवते ती मोकळी कड. फळीची बाहेरची बाजू सरळ न कापता झाडाच्या अंगाचा जो वाकडातिकडा घेर होता तो तसाच राखलेला. तिच्या नकला आज जगभर होतात. पुण्या-मुंबईच्या शोरूममध्येही अशी मेजे दिसतात आणि त्यांच्या मधल्या भेगेत निळे एपॉक्सी ओतून नदी केलेली असते. मला ती पाहवत नाहीत. भेग भरून टाकली की लाकडाला जे सांगायचे होते ते बुजले.

नाकाशिमा भेगेचे काय करत ते जवळून पाहण्यासारखे आहे. भेग ते उघडी ठेवत. तिच्यावर आडवा, डमरूच्या आकाराचा लाकडाचा तुकडा बसवत, बहुधा शिसवासारख्या घट्ट, गडद लाकडाचा. फळीत त्याच आकाराची खाच पटाशीने कोरायची, कोपरे धारदार ठेवायचे, आणि तुकडा असा बसवायचा की मधे नख जाऊ नये. जपानी सुतार याला चिगिरी म्हणतात. डमरूची कंबर भेगेवर येते आणि दोन्हीकडचे रुंद भाग फळीला धरून ठेवतात. भेग रुंद व्हायला निघाली की तिला या रुंद टोकांना अरुंद कमरेतून ओढून काढावे लागेल, आणि ते होत नाही. तुकड्याचे रेषे भेगेला आडवे जातात, कारण लाकडाचे सगळे बळ रेषांच्या लांबीत असते. रेषे भेगेच्या दिशेने ठेवले तर तोच तुकडा कमरेत मोडेल. एवढ्या लहान वस्तूत एवढे शहाणपण आहे. भेग लपवलेली नाही आणि मोकाटही सोडलेली नाही. ती जिथवर आली तिथे थांबवलेली आहे, आणि कुणी थांबवली हे उघड दिसते आहे. डमरू कुठे आणि किती अंतरावर बसवायचे यात त्यांची नजर गाण्यातल्या समेसारखी अचूक आहे.

तरीही एक मत नोंदवतो. त्यांच्या उत्तरकाळातल्या काही प्रचंड मेजांत लाकूडच इतके बोलते की घडवणारा मागे पडतो. मोठ्या गाठी, भोवरे, कडेची पोकळी, सारे विलक्षण, पण तिथे आपण निसर्गाला दाद देत असतो. कोनॉइड खुर्चीत झाड आणि माणूस समोरासमोर उभे आहेत आणि दोघांचेही बोलणे ऐकू येते. म्हणून ती मला त्यांच्या सगळ्या कामात वरची वाटते. १९७३ साली नेल्सन रॉकफेलर यांच्या पोकँटिको हिल्स इथल्या घरासाठी त्यांनी दोनशेहून अधिक वस्तू केल्या. तो त्यांच्या कीर्तीचा मोठा टप्पा. पण या एका खुर्चीत कळते तेवढे त्या आकड्यातून कळत नाही.

१९६४ मध्ये ते पुन्हा भारतात आले, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत. तिथल्या कार्यशाळेसाठी त्यांनी फर्निचरचे आराखडे दिले आणि काही काळ त्या वस्तू इथे होत राहिल्या. इथल्या हातांना तो सांधा जड गेला असेल असे मला वाटत नाही.

१९८९ साली न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनमध्ये एक घर जळाले. त्यात नाकाशिमांच्या शंभराहून अधिक वस्तू होत्या, एकाच दांपत्याने वर्षानुवर्षे करवून घेतलेल्या. नाकाशिमा तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. जळालेल्या वस्तूंच्या जागी नव्या करून देण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. त्याच वस्तू पुन्हा होणे शक्य नव्हते, कारण तीच फळी पुन्हा मिळत नाही. म्हणजे प्रत्येकीसाठी नवे लाकूड पाहायचे आणि नव्याने ठरवायचे. काम चालू असतानाच, जून १९९० मध्ये, ते गेले. उरलेले काम मीरा यांनी पुरे केले. छावणीत नेलेली ती तान्ही मुलगी वास्तुकला शिकून बरीच वर्षे वडिलांच्या हाताखाली काम करत होती. तिच्यासाठी त्यांनी पूर्वी तीन पायांची एक लहान खुर्ची केली होती, तिचे नावही मीराच आहे. न्यू होपची कार्यशाळा मीरा यांनी पुढे चालवली आणि ‘कोनॉइड’ तिथे अजून होते, मागणी आली की, एकेक.

आपल्या गावात अजून वखारी आहेत आणि फळी ठोकून पाहणारे मिस्त्रीही आहेत. पुढच्या वेळी घरात एखादे मेज किंवा झोपाळा करायचा ठरला, तर मोबाइलवरचा फोटो त्यांच्या हातात देण्याआधी त्यांच्याबरोबर एक सकाळ वखारीत जा. ते कोणती फळी बाजूला ठेवतात ते पाहा, आणि का ठेवली ते विचारा.